पंधरा तारखेवर आक्षेप

खुर्चीत मागे रेलायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणायचं, "यांचं हे असंच." डॉक्टरांचा दिवस असा सुरू व्हायचा. 'यांचं' म्हणजे कुणाचं, ते प्रसंगानुसार ठरे. डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, अनवाणी आलेला गोरा तरुण, आमच्या उपनगराची, पापाकुराची, उशिरा येणारी ट्रेन, विकतच्या पोळ्या डब्यात आणणारी माझ्यासारखी पुण्याची बाई, सगळ्यांचं हे असंच. पण बहुतेकदा समोर आफ्रिकेतल्या मलावीमधल्या एखाद्या आरोग्य केंद्राचे फॉर्म असत, आणि 'यांचं' म्हणजे ते भरणाऱ्या नर्सेसचं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भारतात त्यांची वीस वर्षांची प्रॅक्टिस होती. इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षा दोनदा दिल्या, जमलं नाही, आणि ते ऑकलंडमध्ये आमच्या ऑफिसात माहिती तपासायला लागले. तपासायला रुग्ण उरला नाही, म्हणून नर्सेसना तपासायचे. फोनवर स्वतःची ओळख करून देताना 'डॉक्टर' हा शब्द इतका सावकाश उच्चारायचे, की पलीकडच्याला दुखणं सांगावंसं वाटावं.

आमचं काम साधं होतं. गरोदर बाईला लस दिली तर बाळाला जन्मतःच संरक्षण मिळतं का, आणि त्या लशीमुळे बाळ वेळेआधी तर जन्मत नाही ना, हे पाहायचं. वेळेआधी म्हणजे किती, हे शेवटच्या पाळीच्या तारखेवरून मोजतात. त्यामुळे आमचं सगळं त्या एका रकान्यावर उभं होतं.

एका केंद्रातून आलेल्या फॉर्मांमध्ये त्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक बाईपुढे पंधरा तारीख होती. महिने वेगळे, तारीख तीच. फॉर्म भरणारी एकच नर्स, सिस्टर एस्नार्ट.

डॉक्टर खुलले. "घरी बसून भरलंय. हे केंद्रच बाद करा."

केंद्र बाद म्हणजे तिथल्या सगळ्या आया आणि बाळं अभ्यासातून बाद. आणि खोटे फॉर्म भरल्याचा ठपका सिस्टरवर, म्हणजे तिची नोकरीही गेली.

मला मात्र एक गोष्ट माहीत होती. इथे जूनमध्ये हिवाळा असतो; त्याच हिवाळ्यात एक जूनला ऑफिसने डॉक्टरांच्या वाढदिवसाचा केक आणला होता. परतीच्या ट्रेनमध्ये त्यांचा टाय सैल झाला होता, आणि जीभही.

"एक जून कसला, मॅडम. आई म्हणायची, भुईमुगाच्या काढणीत झालास. मास्तरांनी एक जून लिहिलं. आमच्या बार्शीकडच्या खेड्यात वर्गातली निम्मी पोरं एक जूनची."

आपल्याकडे हेडमास्तरांनी जन्माला घातलेली अशी एक अख्खी पिढी आहे. मी हसले. ते हसले नाहीत. 'आमच्या पुण्यात' म्हणत मिरवणारा हा माणूस बार्शीकडच्या एका खेड्यातला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या तोंडून ते निसटलं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. पापाकुरा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

म्हणून केंद्राचा विषय निघाल्यावर मी ट्रेनमध्येच म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या मास्तरांनी केलं तेच या सिस्टरने केलं असेल ना?"

"तो वेगळा विषय आहे."

"वेगळा कसा?"

"माझी तारीख पासपोर्टवर आहे, मॅडम. रेसिडेन्सीच्या कागदांवर आहे. आता तीच खरी. आणि तुम्ही हे ऑफिसात बोलणार नाही."

मीटिंग संध्याकाळी होती; मलावीत सकाळ. पडद्यावर निळ्या भिंतीसमोर सिस्टर एस्नार्ट बसली होती, पन्नाशीची, इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये. आमच्याकडून डॉक्टर, मी आणि आमचा मॅनेजर, ज्याला कुणाचंच वाईट व्हायला नको असे आणि म्हणून कुणाचंच भलं करता येत नसे.

"सिस्टर," डॉक्टरांनी इंग्रजीत सुरुवात केली, "तुमच्याकडे सगळ्या बायकांची पाळी पंधरा तारखेलाच येते का?"

मॅनेजरने कपात पाहिलं.

"नाही, डॉक्टर. त्यांना दिवस आठवत नाही. मका कणसावर आला होता का, शाळेच्या परीक्षा चालू होत्या का, असं विचारत मी महिन्यापर्यंत पोचते. मग मधला दिवस लिहिते."

"म्हणजे मनाने लिहिता."

"मधला लिहिते." ती थोडं थांबली. "तुमच्या आईला तुमच्या जन्माची तारीख सांगता येते, डॉक्टर?"

"अर्थात. एक जून."

"खरं आहे," मॅनेजर आनंदाने म्हणाला, "आम्ही केक खातो."

"मग तुमची आई शिकलेली असणार," सिस्टर म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच तसं वाटलं. डॉक्टरांच्या आईला अक्षरओळख नव्हती.

डॉक्टरांनी पुढचा फॉर्म उघडला. माझा माइक बंद होता आणि मी तो बंदच ठेवला.

केंद्र बाद झालं. सिस्टरचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

वर्षभराने या अभ्यासावरचा शोधनिबंध छापायला गेला, तेव्हा नियतकालिकाच्या परीक्षकांनी विचारलं, हे केंद्र का वगळलं? डॉक्टरांनी आठवडाभर खपून उत्तर तयार केलं: तारखांमध्ये पंधरा दिवसांची चूक गृहीत धरली तरी निष्कर्ष बदलत नाही, सबब केंद्र परत घ्यावं. सगळी बाळं परत आली. मॅनेजर म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या बोलीत झकास. डॉक्टर माझ्या टेबलाशी आले.

"बघा, वाचवली की नाही पोरं?"

"आणि सिस्टर?"

"तो एचआरचा विषय आहे."

माणसाची किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं. त्यानंतर मी ट्रेनचा वेगळा डबा पकडू लागले.

मग ते आजारी पडले. मी भेटायला गेले, कारण पापाकुरातल्या मराठी लोकांत न जाणं जाण्यापेक्षा अवघड होतं. इथल्या हॉस्पिटलात गोळी द्यायची तरी नर्स आधी नाव आणि जन्मतारीख विचारते. मी तासभर बसले होते, तेवढ्यात तीनदा विचारून झालं. डॉक्टर डोळे मिटून सांगत, "फर्स्ट जून." तिसऱ्यांदा नर्स गेल्यावर ते मराठीत म्हणाले, "दिवसभर हेच."

मी त्यांच्यासाठी संत्रं सोलत होते.

"सिस्टर एस्नार्टचं बरोबर होतं," ते म्हणाले.

"मला सांगून काय उपयोग? लिहून द्या."

"देतो. जरा बरं वाटलं की देतो."

त्यांनी संत्र्याची एक फोड घेतली आणि बराच वेळ नुसती हातात धरून ठेवली. हात अगदी शेतकऱ्याचा होता, रुंद, बोटांची पेरं जाड. इतकी वर्षं मी तो कसा पाहिला नव्हता? त्यांना बरं वाटलंच नाही. अकरा दिवसांनी ते गेले.

आता आठ महिने झाले. मला त्यांची आठवण येते, आणि ती येते म्हणून रागही येतो.

गेल्या महिन्यात निबंधाचं शेवटचं प्रूफ माझ्याकडे आलं. डॉक्टरांच्या नावापुढे दिवंगत असल्याची खूण करायची होती. ती केली. मग शेवटी आभारांच्या यादीत सिस्टर एस्नार्टचं पूर्ण नाव घातलं. मॅनेजरने लगेच विचारलं, कशाच्या आधारावर? मी लिहिलं: तिने आयांना आठवत होतं तेवढंच नोंदवलं, ते खोटं नाही हे डॉक्टरांना माहीत होतं, आणि मलाही. ते वाचून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. नाव मात्र राहू दिलं. सिस्टर आता कुठे असते, हे अजून शोधतेच आहे.

निबंधाची छापील प्रत घेऊन मी डॉक्टरांच्या घरी गेले. वहिनींना ती फ्रेम करायची होती. त्यांनी नवऱ्याच्या नावावरून बोट फिरवलं, मग एकेक पान उलटत शेवटापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या.

"या नावाखाली तुम्ही पेन्सिलीने रेघ मारलीय. ही कोण? यांच्या ओळखीची होती का?"

"हो."

"कधी बोलले नाहीत. थांबा हं, चहा टाकते, मग सांगा."

"वहिनी, चहा राहू दे," मी म्हटलं. "आधी बसा."