शॉट एकोणचाळीस

माझं अक्षर चांगलं आहे आणि एकेकाळी मला त्याचा भलता गर्व होता. घरात आमच्या मराठी, पण ऑफिसात मी असं तेलुगू लिहायचो की साहेब लोक कागद हातात धरून बघत राहायचे. त्या अक्षरापायीच ऐंशीच्या दशकात, उटनूरला कारकुनी करताना, सिनेमाचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आदिवासींच्या नाचगाण्यावर सरकार फिल्म काढत होतं. पैसा सरकारचा, म्हणून फिल्मवाल्यांवर नजर ठेवायला सरकारी माणूस हवा. तो मी. कॅमेरा जितक्या वेळा चालू होईल तितक्या वेळा मी लिहायचं: शॉटचा नंबर, गाव, जागा, माणसाचं नाव. हैदराबादेतल्या एखाद्या बागेत नाच काढून कोणी जंगलाचं बिल लावू नये, एवढाच हेतू. दुसरा कोणी गावाचं नाव टाकून मोकळा झाला असता. मी ओढा लिहिला, ओढ्यापलीकडची चढण लिहिली, चढणीवरचं मोहाचं झाडही लिहिलं.

शॉट एकोणचाळीसमध्ये सात घरांच्या वाडीतला एक गोंड ढोलवाला होता. पन्नाशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा. उजेड चांगला म्हणून कॅमेरावाल्याने त्याला त्याच्या गुडघाभर ज्वारीत उभं केलं. त्याआधी ढोलवाला माझ्याकडे आला होता.

"बाबू, इथं नको. हे वावर कागदावर नाही."

"अरे, ते ढोल काढून राह्यले," मी म्हणालो, "वावर कोण पाह्यते?"

फिल्म मंजूर करायला जिल्ह्याच्या ठिकाणी कमिटी बसली. पडदे ओढले, रीळ सुरू झालं. एकोणचाळीस आला तेव्हा सगळे माना डोलवत होते. जंगलखात्याचा एक अधिकारी मात्र ढोलाकडे बघतच नव्हता. त्याने रीळ मागे घ्यायला लावलं. ढोलवाल्याच्या मागे, ज्वारीत, जंगल तोडल्याची खूण म्हणजे सागाचे खुंट दिसत होते.

"ये लिस्ट किसने लिखी?" त्याने विचारलं. मी उभा राहिलो. शाबासकी मिळेल म्हणून चक्क हसत उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी जंगलखात्याच्या लोकांनी मला जीपमध्ये घातलं, जागा दाखवायला. मी दाखवली.

आठ-दहा जण होते. आधी त्यांनी शेतातलं खोपट पेटवलं, मग कणसं भरलेली ज्वारी कापून तुडवली. ढोलवाला हात जोडून पुढे आला, तर पहिली काठी त्याच्या तोंडावरच बसली. रक्ताबरोबर दात पडलेले मी पाहिले. खाली पडल्यावर दोघांनी त्याला लाथा घातल्या. तिसरा विचारत होता, "कुल्हाडी किस हाथ से चलायी?" मग त्यांनी ढोलवाल्याचा उजवा हात सागाच्या खुंटावर धरला आणि कुऱ्हाडीच्या पाठीने मनगटावर हाणलं. एकदा नाही. त्याची बायको धावली, तिला केसाला धरून ओढ्यापर्यंत फरफटत नेलं. मी जीपजवळ उभा होतो. मला कोणीही धरलेलं नव्हतं.

दोन महिन्यांनी कमिटीचा शेरा आला. फिल्म पसंत, शॉट एकोणचाळीसमधला ढोल उत्तम, पण मागचा देखावा आक्षेपार्ह, सबब त्याच माणसाला दुसऱ्या जागी उभं करून शॉट पुन्हा घ्यावा. माझं डोकं असं फिरलं की कागदाचे तुकडे करावेसे वाटले. केले नाहीत. नोकरी होती ना. घडी घालून खिशात ठेवला आणि वाडीवर गेलो.

तो दारात बसला होता. मनगट वाकडं जुळलं होतं, बोटं मिटत नव्हती. तरी मी मूर्खाने शेरा शेवटपर्यंत वाचून दाखवला.

"तुमीच म्हणले होते, वावर कोण पाह्यते," त्याची बायको म्हणाली आणि तिने दगड उचलून माझ्या कपाळावर घातला. रक्त डोळ्यात उतरलं. ती दुसरा उचलत होती, तेवढ्यात त्यानेच डाव्या हाताने तिला आवरलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "बाबूले लिहा लागते."

कपाळाला काय झालं, असं साहेबांनी विचारलं. जीपमध्ये आपटलं, म्हणालो. मग पट्टी सावरत फॉर्म भरायला बसलो. शॉट पुन्हा न घेण्याचं कारण, असा एक रकाना होता. ओढा, चढण, झाड, काही म्हणता काही न सोडणाऱ्या मी तिथे सुरेख तेलुगूत एवढंच लिहिलं: कलाकार उपलब्ध नाही.