आणि मित्रमंडळी

विनयाचा मला भयंकर राग येतो. विशेषतः माझ्या. "किती साधा माणूस, नावाची म्हणून हाव नाही," असं कुणी माझ्याबद्दल म्हटलं की कान तापतात. या साधेपणापायी मी एका बाईंचं नाव गिळलं होतं, आणि वर ढेकरसुद्धा दिला नव्हता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीत एका खासगी क्लासमध्ये मी संगणक शिकवत होतो. मूळचा वाईचा. तिथल्या शाळेच्या भिंतीवर मुख्याध्यापकांच्या नावांचा फळा आहे, त्यावर माझ्या आजोबांचं नाव आहे, त्याखाली वडिलांचं. परदेशातला एक गृहस्थ त्या काळात लेखनाचा एक प्रोग्राम फुकट वाटायचा. नुसता प्रोग्राम नव्हे, तो ज्या ओळींनी बनला होता त्या ओळीसुद्धा. उघडा, वाचा, चुकलं असेल तर दुरुस्त करा, नवं काही जोडलंत तर परत पाठवा, यादीत तुमचंही नाव छापू, असा सगळा उघडा कारभार. देशोदेशीचे लोक आपापल्या भाषेची अक्षरं त्यात घालत होते. मराठीची नव्हती. आपण घालू, असं मी ठरवलं, आणि आठवड्याभरात लक्षात आलं की मला अक्षर काढताच येत नाही.

अक्षरं काढली ती क्लासच्या खालच्या मजल्यावर टायपिंग शिकवणाऱ्या बाईंनी. आलेखाच्या वहीत सोळा चौकोन उंचीची जागा आखायची आणि पेन्सिलीने एकेक चौकोन भरत त्यात अक्षर बसवायचं. मी त्या चौकोनांचे आकडे करून संगणकात घालायचो. अक्षर पडद्यावर उमटलं की बाई खुर्ची मागे सारून लांबून बघायच्या. "सर, हा ल लंगडतोय." मग पुन्हा खोडरबर. जोडाक्षरांनी तर त्यांचा जीव काढला. 'ष्ट्र' त्यांनी किती वेळा खोडला असेल, कागदाला भोक पडेपर्यंत. वर्षभर, खाली टाइपरायटरांचा खडखडाट चालू असताना, त्यांनी तीन वह्या भरल्या.

आमच्यातले तिसरे म्हणजे खत-बियाण्यांचे शेठ. इंटरनेटचं खातं त्यांच्या मुलाने हौसेने घेतलं होतं, वडिलांच्या नावावर, दुकानाच्या फोनवर. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि खातं पडून राहिलं. "पाठवा की सर, फोन काय रिकामाच बसलाय," शेठ म्हणाले. युरियाच्या पोत्यांशेजारी बसून मी बाईंची अक्षरं जगाला पाठवायचो.

बाईंचे वडील कवठे महांकाळला राहायचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. एकदा ते लेकीला भेटायला आले आणि पडद्यावरची अक्षरं बघत उभे राहिले. आपल्या वडिलांबरोबर पोरवयात बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला हा माणूस मोजकंच बोलायचा.

"पोरीचं नाव येनार म्हनं जगाच्या यादीत?"

"येणार की."

"आमच्या घरातलं नाव आजवर फकस्त मतदारयादीत छापून आलंय," ते म्हणाले. "आलं की मला दावा."

दाखवीन म्हणालो. अगदी छातीवर हात ठेवून म्हणालो.

काम पुरं झालं तेव्हा त्या परदेशी गृहस्थाने विचारलं, हातभार लावणाऱ्यांच्या यादीत कुणाकुणाची नावं घालू? साधा प्रश्न. त्याचं उत्तर साधं द्यायला काय झालं होतं मला! पण स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं म्हणजे कसंसंच वाटलं. बाईंचं लिहून आपलं गाळलं तर तेही विचित्र दिसेल. आणि आमच्याकडे गणपतीच्या पावतीपासून लग्नपत्रिकेपर्यंत रीत ठरलेली: ज्येष्ठाचं नाव पुढे, राबणारे सगळे 'मित्रमंडळी'त. ज्यांचा फोन, त्यांचा मान. मी शेठचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे इंग्रजीत 'आणि मित्रमंडळी' असं लिहिलं, आणि आपण किती खानदानी वागलो म्हणून दुकानातच चहा मागवला.

त्या गृहस्थाने 'मित्रमंडळी' काढून टाकली. का नाही काढणार? ते कुणाचंच नाव नव्हतं.

यादी प्रसिद्ध झाली. शेठच्या मुलाने पुण्यात ती पाहिली आणि ओळखीच्या वार्ताहराला सांगितली. सांगलीच्या खत व्यापाऱ्याने संगणकाला मराठी शिकवली, अशी बातमी आली, फोटोसकट! वार्ताहराला एक प्रश्न विचारायचं सुचू नये? बातमी बघून बाई वर आल्या. चेहरा उतरलेला. "आता सत्कार ठेवलाय म्हणे," त्या म्हणाल्या. "तिथं तरी सांगतील ना सर?"

"सांगतील की," मी म्हणालो. जणू सांगणारा दुसराच कुणी होता.

सत्कार रविवारी सकाळी, व्यापाऱ्यांच्या सभागृहात. बाईंचे वडील पहिल्या एसटीने आले होते, पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्याशेजारी तिसऱ्या रांगेत बसले. दोन भाषणं झाली तेव्हा हळूच म्हणाले, "आवं सर, नाव कवा घेत्यात?"

मी म्हणालो, घेतील.

शेठना शाल आणि श्रीफळ दिलं. मग सूत्रसंचालकाने सभागृहभर नजर फिरवली. पुष्पगुच्छ द्यायला त्याला एखादी भगिनी हवी होती. सगळ्या सभेत बायका चारच, त्यात पुढे बसलेल्या आमच्या बाई. "या ताई, या, लाजू नका!" बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्या उठल्या, स्टेजवर गेल्या, आणि वर्षभर स्वतः खोडून खोडून काढलेल्या अक्षरांबद्दल शेठच्या हातात फुलं दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हे आठवलं की अजून स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

शेठ बिचारे खरं बोलले. "आवं, मी कायबी केलं न्हाई. मी नुसता फोन दिला. मला त्यो उंदीर धरायलासुद्धा येत न्हाई. केलं ते या बाईंनी आन त्या सरांनी." सभागृह हसलं आणि दुप्पट टाळ्या पडल्या. केवढा हा विनय, सूत्रसंचालक म्हणाला, आणि आभार मानायला सुरुवात केली.

बाहेर पायरीवर बाई चपला घालत होत्या. वडील रस्त्यापलीकडे जाऊन उभे होते, आमच्याकडे पाठ करून. "तुम्ही उठला असता ना सर," बाई म्हणाल्या, "तर मी बसून राहिले असते." त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो वाजवी होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी शटरसमोर उभा होतो. त्या परदेशी गृहस्थाला लांबलचक पत्र लिहिलं. त्याने एका शब्दानेही न दुखवता कळवलं की ही आवृत्ती तर वाटून झाली, पुढच्या आवृत्तीत नाव नक्की घालतो. पुढची आवृत्ती यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत बाई वर आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर बाजूला होऊन मला वाट द्यायच्या.

यादी आली तशी मी छापून घेतली आणि एसटीने कवठे महांकाळला गेलो. वडील ओट्यावर होते. त्यांनी कागद मांडीवर पसरला. इंग्रजी त्यांना तिकिटापुरतं येत असावं, पण बोट ठेवून एकेक ओळ खाली येत गेले आणि लेकीच्या नावावर थांबले. बराच वेळ बोट तिथंच होतं. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग बोट पुन्हा वर गेलं आणि सगळी यादी परत उतरून आलं.

"तुमचं कुठं हाय?"

"माझं नाही घातलं," मी म्हणालो, आणि खरं सांगतो, तेव्हाही मला थोडं बरंच वाटलं. "मला कशाला हवंय नाव?"

त्यांनी कागदाची नीट चौपदरी घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली.

"व्हय," ते म्हणाले, "तुमाला परवडतंय." आणि मला पाणी आणायला आत गेले.