कुचल्याचं दूध

'झाडपाल्याचं औषध, त्याचा कसला अपाय?' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. नागपूरच्या प्रयोगशाळेत, मेलेल्यांच्या पोटातली विषं ओळखण्यात माझी नोकरी सरत आली. त्यातली बरीचशी झाडावरच पिकलेली होती.

उमरेडकडचं एक प्रकरण आलं होतं. एका म्हाताऱ्याला गुडघेदुखीवर वैदूनं कुचल्याच्या बिया दिल्या. कुचला जहरी, पण दुधात उकळून, वाळवून दळला की औषध होतो. सुनेनं तसंच केलं. म्हातारा झटके येऊन गेला, सासूनं सुनेकडे बोट दाखवलं आणि सून तुरुंगात गेली.

पोलिसांनी व्हिसेरा पाठवला, उरलेली पूड पाठवली आणि ज्यात बिया उकळल्या तो दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, तेही. व्हिसेऱ्यात कुचल्याचं विष सापडलंच. पुडीच्या अर्कावर रसायन टाकलं तर जेमतेम जांभळी झाक आली. तेवढ्यानं माणूस मरत नाही. मग गंजाच्या बुडाची खरवड घेतली. थेंब पडला आणि गर्द जांभळा रंग उसळला, लाल होत होत विरला. विष नाहीसं झालंच नव्हतं. बियांतून निघून दुधात जाऊन बसलं होतं. हे दूध फेकायचं असतं, हे कुण्या काळी कुणी आणि कसं हुडकलं असेल? त्या माणसापुढे मी मनातल्या मनात हात जोडले.

कोर्टात मी तेच सांगितलं. पुडीनं नाही, ज्यात बिया उकळल्या त्या दुधानं माणूस गेला.

मागच्या बाकावरून सासू उठली. "ते दूध तर म्याच पाजलं त्याईले. सून फेकाले निघाली होती. म्या म्हनलं, ठेव, मी पाहतो. दुधासारखं दूध, काहून फेकाचं? तिच्या माघारी साखर टाकून देल्लं." बोलता बोलता तिला स्वतःचंच बोलणं उमगलं. ती माझ्याकडे वळली. "मंग त्याईले म्याच मारलं का वं, बाई?"

 

आरोपीच्या पिंजऱ्यातून सून म्हणाली, "दुधानं मारलं, आत्याबाई. तुम्ही खाली बसा."