पवित्र गुरुवारचे काळे पाय

वासाचा साबण मीच मागितला. माझ्या शहाणपणाची सुरुवात तिथूनच आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. सिहोऱ्याच्या बाजूची मँगनीजची खदान, आणि खदानीच्या कॉलनीत आमचं टिनाचं चर्च. पवित्र गुरुवारी संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले, त्याची ती आठवण. त्या वर्षी फादर पहिल्यांदाच म्हणाले, सहा ऑफिसातले घ्या, सहा खदानीतले. त्या सहात मी. लग्नातसुद्धा मी एवढा नटलो नव्हतो.

ऑफिसचे बडेबाबू चर्चचं सगळं बघत. आम्हा सहा जणांना त्यांनी मागच्या नळावर नेलं. कपड्याच्या साबणाची वडी आणि विटेचा तुकडा पुढे टाकला.

"घासा. फादरच्या हाताला घाण लागली नाही पाहिजे."

"बाबूजी, वासाचा साबन नाई का?" मी. देवाचं काम आहे, वाटलं. बाकीचे हसले.

घासत राहिलो. मँगनीजची भुकटी भेगांत बसली की निघत नाही. कातडी निघते. रक्त आलं.

मान वर केली तर खिडकीतून आतलं दिसलं. ऑफिसातले सहा बाकावर बसलेले. पायांत मोजे, बूट.

"त्याईचे नाई धुवाचे?"

"त्यांचे साफच असतात." मग बाबूंचं लक्ष माझ्या टाचेकडे गेलं. "हे आत चालणार नाही. तू राहू दे. जीपचा ड्रायव्हर बसेल."

राहू दे. आवाजसुद्धा चढवला नाही.

गावाने वेशीबाहेर ठेवलं म्हणून माझा बाप खदानीत आला, इथे ख्रिस्ती झाला. आणि इथेही वेस होती. चर्चच्या मागे, नळापाशी. बापाला ती दिसली नसेल? दिसली असेल. गिळली असेल. मी तर तिच्यावर उभा राहून वासाचा साबण मागत होतो.

उठलो. ओल्या पायांनी बाजूच्या मँगनीजच्या ढिगावर चढलो. चांगला तुडवला. घोट्यापर्यंत काळा झालो आणि ड्रायव्हर यायच्या आधी आत जाऊन बाकावर बसलो. बाबू दाराशी "अरे, अरे" करून राहिले. सगळ्यांचं आमेन संपल्यावर माझं एकट्याचं निघालं.

फादर गुडघ्यावर बसले. माझा पाय हातात घेतला, थांबले. हळूच विचारलं, "धुतले नाहीस?"

"धुतलेले पाय तुमी कायले धुवाचे, फादर?"

हळू बोलायला गेलो, पण साऱ्या चर्चला ऐकू गेलं. फादरांनी माझ्या टाचेतलं रक्त पाहिलं. मग बाकीच्या पाच जणांच्या सोललेल्या टाचा पाहिल्या. पाणी ओतलं. घमेल्यात नुसतं काळं.

प्रवचन आधीच झालं होतं. तरी शेवटी फादर पुन्हा उभे राहिले.

"मघाशी मी म्हणालो, चर्च गरिबाला सन्मान देतं. पुस्तकात तसंच शिकलो होतो. चूक आहे ते. माणूस देवाकडून सन्मान घेऊनच येतो. आपण तो नळावर घासून काढतो."

बाबूंनी मान खाली घातली नाही. तेवढं खरं सांगतो. पण फादर त्यानंतर खदानीत उतरायला लागले, आमच्यासोबत भाकर खायला लागले, आणि त्यांच्या प्रवचनात 'बिचारे' हा शब्द परत कधी आला नाही.

त्या दिवशी मात्र मी जिंकल्यासारखा घरी आलो. बायको खदानीतच गोटे फोडायची, चर्चमध्ये मागे बायांत बसली होती. सगळं बघितलं होतं, तरी तिला पुन्हा तिखटमीठ लावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"बारा झन बसले. एक बी बाई नाई. गोटे का तुमीच फोडता? पुढच्या साली त्या बाकावर मी बसीन. बाबूचं सोडा, फादर उठ म्हनले तरी उठनार नाई."