यादीत नसलेलं नाव

कर्वेनगरचं घर विकून आम्ही वाघोलीला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाबा म्हणाले, "मतदार यादीतला पत्ता बदलून घे. आठ नंबरचा अर्ज भरावा लागतो." नोकरीत असताना त्यांनी कितीतरी निवडणुकांची ड्यूटी केली होती. मी "करते" म्हणाले आणि ते फोनवरचं छोटंसं काम चार महिने पुढे ढकललं. मध्ये त्यांनी दोनदा विचारलं, तेव्हा "झालंय" असं सांगून मोकळी झाले. अखेर अर्ज भरला, तोवर महापालिकेच्या निवडणुकीसाठी धरल्या जाणाऱ्या यादीची मुदत उलटून गेली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मतदानाच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. फुप्फुसाच्या आजारामुळे त्यांना दोन मजले उतरायला अर्धा तास लागला. केंद्राबाहेरच्या टेबलावरच्या बाईंनी यादी दोनदा चाळली.

"आजोबा, इथे नाव नाही. जुन्या पत्त्यावर असेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "अर्ज कधी केलास?"

"उशिरा केला, बाबा. कर्वेनगरला जाऊया का रिक्षाने?"

"तेवढा दम असता तर पत्ता बदलायला सांगितलं नसतं. घरी चल."

जिना चढताना मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत ते चढले. पुढच्याच महिन्यात ते वारले. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.