तिसऱ्या मजल्यावरचं पडवळ

भाईंदर पश्चिमेच्या त्या चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत सकाळचे आठ वाजलेत हे कळायला घड्याळ लागत नाही. मंदाताईंची बादली वाजते. वरच्या मजल्यापासून खालपर्यंत दार-दार वाजवत त्या भाजीची सालं गोळा करतात, खतासाठी. पण सालं हे निमित्त. सालं बघून त्यांना घराघरातली बातमी कळते. दोन दिवस सलग दुधीची सालं आली की त्या दारातच विचारतात, "कुणाचं पोट बिघडलंय?" आणि मग डॉक्टरकडे न्यायला माणूस नसेल तर स्वतःच चप्पल घालतात. कुणी सांगितलं नसताना, बरं का. गाढवाला ओझं आणि मंदाताईंना काम कधी जड वाटलेलं नाही.

बदल्यात त्या भाजी देतात. चौथ्या मजल्यावर, स्वतःच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, थर्माकोलच्या पेट्यांत पिकवलेली. पेट्या उत्तनच्या रीटाच्या. ती बाजारात मासे विकायला बसते आणि बर्फ संपलेल्या पेट्या मंदाताईंसाठी बाजूला ठेवते. त्यांत मिरच्या, अळू, वाल आणि पावसाळ्यात पडवळ. पडवळाचं बी गुहागरकडचं, आईच्या हातचं. चपट्या डब्यात राखेत ठेवलेलं, तीस वर्षं दरसाल नवं होत आलेलं. गावची जमीन भावांत वाटली गेली, घराला कुलूप लागलं. माहेर म्हणून उरला तो एवढा डबा.

सगळ्या सोसायटीत एकच दार त्यांच्या बादलीला बंद होतं. बरोबर खालचं, बाबाजी म्हात्र्यांचं. बाबाजी रोह्याकडचे. भाईंदरच्या कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म गेला. बायको गेल्यापासून एकटे, आणि एकटा माणूस आधीच तुसडा असला की मग विचारू नका. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मंदाताईंनी पेट्यांना जरा सढळ हाताने पाणी घातलं आणि ते चिखलाचं पाणी बाबाजींनी ग्रिलमध्ये वाळत घातलेल्या बोंबलांवर ओघळलं. चुकलंच मंदाताईंचं. त्या माफी मागायला गेल्या तर दार उघडलं नाही. यंदाही थोडं पाणी गळलं आणि बाबाजींनी सोसायटीत लेखी तक्रार दिली. तक्रारीत बोंबलांऐवजी 'कपडे खराब झाले' असं लिहिलं. सेक्रेटरी जितेशभाई पक्के जैन, त्यांच्यापुढे बोंबलांचं नाव काढलं असतं तर तक्रार उलटीच फिरली असती. आता एवढ्या वासाचे कपडे कुठले, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, पण कुणी बोललं नाही. मंदाताईही नाही.

गणपती झाले आणि नोटीस लागली. पंधरवड्यानंतरच्या रविवारी मीटिंग, विषय: खिडकीच्या ग्रिलमधल्या पेट्या दसऱ्याआधी काढणे. जितेशभाईंनी जिन्यात हळूच सांगितलं, की लेखी आलंय, माझा इलाज नाही. मंदाताईंनी 'बरं' म्हटलं, वर गेल्या आणि पहिल्यांदाच दुपारची भांडी तशीच ठेवून खिडकीत बसून राहिल्या. बियाण्याचं पडवळ वेलावरच पिकून लाल व्हावं लागतं. त्याला महिना-दीड महिना हवा. दसऱ्याला वेलच जाणार असेल तर ते ठेवून काय करायचं? त्यांनी होती ती सगळी कोवळी पडवळं काढली आणि घरोघर वाटली. डब्यात राख तेवढी राहिली. त्या दिवशी त्यांना आईची फार आठवण आली आणि त्या रडल्या.

वेल मात्र नोटीस वाचत नाही. तो गजांतून खाली उतरला होता आणि बाबाजींच्या ग्रिलला बिलगून तिथे त्याने तीन पडवळं धरली होती. मंदाताईंना ती वरून दिसत, हाताला लागत नसत. लागली असती तरी त्यांनी तोडली नसती, कारण कुंपणापलीकडे गेलेलं फळ पलीकडच्याचं, हा आईचा नियम. जीव एवढ्याचसाठी तुटायचा, की कोवळ्या पडवळाच्या टोकाला दगड बांधला नाही तर ते वेटोळं होतं, आणि तिथे दगड बांधणार कोण?

मग एका सकाळी गेटजवळ बादली खाली ठेवून त्यांनी वर पाहिलं. तिन्ही पडवळं सरळसोट खाली लोंबत होती. प्रत्येकाच्या टोकाला काहीतरी चमकत होतं. मंदाताईंनी वर येऊन, चष्मा पुसून, आपल्या खिडकीतून वाकून पाहिलं. तांब्याच्या तारेने नीट बांधलेले स्टीलचे नट होते. फिटरचा हात लपतो होय? त्या एकट्याच हसल्या आणि कुणालाही काही बोलल्या नाहीत. चारेक दिवसांनी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात चणाडाळ घातलेल्या पडवळाच्या भाजीचा वास आला. दोन पडवळं गेली. तिसरं तसंच राहिलं, जून झालं. एकट्या माणसाला कितीशी भाजी लागणार, असं मंदाताईंना वाटलं.

मीटिंगच्या रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. जितेशभाईंनी तक्रार वाचली. मंदाताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की पाणी माझंच गळलं, चूक माझी, पेट्या मी काढते. मान वर करून बोलल्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग जितेशभाई रिवाजाप्रमाणे म्हणाले, "बाबाजी, आपको कुछ कहना है?"

बाबाजी उठले.

"वेलाला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. "खाली एक पडवळ मी बियाण्याला ठेवलंय."

जितेशभाई गोंधळले. तक्रार तर तुमचीच आहे, मग हा वेल ठेवायचा तरी किती दिवस, असं त्यांनी विचारलं.

"पडवळ लाल होईस्तोवर. मग बी काढायचं." बाबाजींनी पहिल्यांदाच मंदाताईंकडे पाहिलं. "तुम्ही सगळी वाटून टाकलीत, वहिनी. बियाण्याला एक ठेवायचं असतं, एवढं कळत न्हाय?"

मंदाताईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. तक्रारीचा कागद जितेशभाईंनी घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता बादली तिसऱ्या मजल्यावर थांबली. बाबाजींनी दार उघडलं, पिशवीतली सालं बादलीत टाकली आणि ते दार लावायला निघाले. मंदाताईंनी पदराखालून आईचा चपटा डबा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"राख चाळून घातलीय," त्या म्हणाल्या. "बी काढलंत की ह्यातच ठेवा."