पाठीला कळलेलं घर

कुठल्याही घरात शिरले की ते आधी भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून उभे राहायचे. यजमान खुर्ची पुढे करून ताटकळायचा. मग डोळे उघडून म्हणायचे, "घर पाठीला कळतं रे. डोळे काय, रंगाला भुलतात."

अशी एखादी वल्ली तुम्हीही पाहिली असेल. आमचे सर वास्तुरचनाकार, शिवाय चित्रकार. मूळचे कोल्हापूरचे, पण हयात गेली जयपुरात. कारखान्यात भिंती ओतायच्या आणि जागेवर नेऊन जोडायच्या, अशी कामगारांची घरं ते करत. ओल्या काँक्रीटवर दर घराच्या दारापाशी बोटाने वेगळं चित्र काढायचे. मोर, उंट, एकदा तर चक्क मुकादमाच्या मिशा! "सगळी घरं सारखी. पोरांना आपलं दार ओळखायला नको?"

नवी वस्ती झाली की पहिला मे महिना ते स्वतः तिथे राहायचे. "आचाऱ्याने आधी आपल्या हातचं जेवावं," म्हणायचे.

जयपूरलगतच्या झोटवाड्याच्या कामावर मी त्यांचा इंजिनिअर होतो. ऊन अडवायला त्यांनी भिंतीच्या पोटात हवेची पोकळी ठेवली होती. तिच्यापायी ओतकाम रेंगाळायचं. सर गावी गेलेले असताना ठेकेदार म्हणाला, "साहब, सीधी पतली दीवार डाल देते हैं. किसे दिखेगा?" मी सही करून मोकळा झालो.

फोनवर सरांनी विचारलं, "पोकळी ठेवलीस न्हवं, लेका?"

"हो सर."

मे महिन्यात वळकटी घेऊन ते राहायला आले. भिंतीला पाठ टेकली. बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "चहा घेणार?"

"सर, तुम्ही इथे राहू नका."

"आणि बाकीचे कुठं जातील?"

त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. तोंडच नव्हतं. मे सरला तरी सर तिथेच राहिले. पुढे दिवाळीला ते कोल्हापूरला गेले आणि तिथेच वारले.

त्यांची चित्रं आणायला मी झोटवाड्याच्या त्या घरी गेलो. भिंतीवरचा चुना पाठीएवढ्या जागेत घासून गेला होता. बाहेर प्रत्येक घराला वाळ्याचे पडदे होते. शेजारीण म्हणाली, "बाबूजी ने खुद बाँधे, सबके यहाँ. कहते थे, गलती मेरी है."

गलती कुणाची, ते सांगायला मी तोंड उघडलं.

"चाय लेंगे, भैया?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.